न बोलता ठेवलेलं औषध

धान कापणीला आलं की आमच्या घरात उंदीर येतात, हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. माझं माहेर फुलचूरचं. म्हणायला गोंदियाच्या बाहेर, पण सगळं सिमेंटचं. तिथे उंदीर दिसला की आई झाडू घेऊन धावायची, बाबा पलंगावर पाय वर घेऊन बसायचे आणि प्रकरण तिथेच मिटायचं. सासर कामठ्याच्या बाजूला. मागच्या वाडीची काटेरी कुंपणं संपली की लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, सुरू. आता कापणी हार्वेस्टरनं होते. ते धूड सकाळी बांधीत उतरतं आणि दुपारपर्यंत सगळं उघडं करून पुढच्या शेतात जातं. माणसं विळ्यानं कापायची तेव्हा उंदरांना बिऱ्हाड हलवायला आठ-दहा दिवस मिळायचे. आता एकच दिवस मिळतो, आणि सगळे एकदम आमच्याकडे निघतात.

आमच्या घराच्या पुढच्या तीन खोल्या स्लॅबच्या आणि मागचा भाग कवेलूंचा, कौलारू. दोन्ही छपरं जिथे जुळतात, खरं तर जिथे जुळत नाहीत, तिथे माझा हात मनगटापर्यंत जाईल एवढी फट आहे. तीनदा सिमेंटमध्ये काचा कालवून मी ती स्वतः बुजवली. तीनही वेळा ती बाजूला नव्यानं उघडली. नवरा दरवर्षी म्हणतो, "पुढच्या साली कवेलू काढून टाकू." त्याचं पुढचं साल अजून यायचं आहे.

मी स्वभावानं भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. उंदरांशीही मी भांडलेच. पिंजरे आणले. चिकट पुठ्ठे आणले, त्यांना एक उंदीर आणि सासूबाईंच्या लुगड्याचा पदर असे दोघे चिकटले. मोबाईलवर बघून पुदिन्याचं तेल शिंपडलं, दोन दिवस सगळ्यांची डोकी दुखली. प्लगमध्ये लावायचं, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं एक यंत्र ऑनलाइन मागवलं. आठव्या दिवशी उंदरांनी त्याच्या शेजारच्या पंख्याची वायर कुरतडली. यंत्राचा दिवा मात्र शेवटपर्यंत जळत होता.

सासूबाईंची पद्धत वेगळी होती, आणि ती त्यांच्या सासूकडून आलेली होती. त्या औषधच ठेवायच्या, पण ज्या दिवशी ठेवायचं त्या दिवशी घरात त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. उंदीर हा शब्द काढायचा नाही. औषध आणलं हे सांगायचं नाही, कुठे ठेवलं ते विचारायचं नाही, पुडी कुणाला दाखवायची नाही. काम झालं की पुडी चुलीत. घरात एकच जण ठेवणार, आणि त्याचं त्यालाच ठाऊक असणार. बोललं की ते ऐकतात, आणि मग शिवत नाहीत, असा नियम.

पहिल्या वर्षी मी जेवताना मोठ्यानं विचारलं होतं, "आई, त्या उंदरांसाठी काय आणलंत?" त्यांनी घास खाली ठेवला.

"बोलू नको वो," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला ओठांवरून कळलं. "त्याईले समजते."

"मराठी समजतं?"

"सगळं समजते."

त्या रात्री कुणी काही खाल्लं नाही. म्हणजे उंदरांनी. सासूबाईंनी सकाळी न शिवलेल्या गोळ्या माझ्यासमोर आणून दाखवल्या आणि पुढची सात वर्षं त्या दाखल्यावर चालली. मी नवऱ्याजवळ हसायचे, माहेरी फोनवर नकला करायचे. गावात बहुतेक घरांत हेच पाळतात, हे मला नंतर कळलं. शेजारच्या मास्तरांच्या घरीसुद्धा.

त्या वर्षी आमची मुलगी साडेतीन वर्षांची झाली होती. मी घरी शिलाई करते. तुळशीचं लग्न उरकलं की ब्लाउजचा ढीग येतो, आणि गावातल्या एका नवरीच्या शालूचा ब्लाउजपीस माझ्या मशीनवरून रात्रीत उंदरांनी नेला. नेला म्हणजे अर्धा नेला, अर्धा मला ठेवला. त्या पोरीच्या आईसमोर उभं राहून मी काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. परतताना माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी गोंदियाला गेले आणि दुकानातून निळ्या वड्यांचं एक पाकीट आणलं. साबणाच्या तुकड्यांसारख्या दिसणाऱ्या वड्या. दुकानदार म्हणाला, "भाभी, खाके चूहा बाहर जाके मरेगा, घर में बास नहीं आएगी."

चार वड्या मी शिलाईच्या खोलीत ठेवल्या. एक मशीनखाली, एक पेटीमागे, एक कपाटाखाली, एक खिडकीत. आणि कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंना नाही, नवऱ्याला नाही. सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या की घरात एकानंच ठेवायचं, आणि भांडण झालं असतं. हे एक कारण. दुसरं कारण मी बरेच दिवस स्वतःपासूनही लपवलं. मला वाटलं, बोलले आणि खरंच शिवले नाहीत तर? एवढ्या कामात आणखी एका ब्लाउजपीसची जोखीम कोण घेणार? माझा विश्वास नव्हता, तरी मी ते पाळलं.

त्यानंतर चार दिवसांनी ते घडलं. नवरा पहाटेच ट्रॅक्टरवर धान लादून खरेदी केंद्रावर रांगेत लागायला गेला होता. सासूबाईंनी सकाळी मुरमुऱ्याचे लाडू केले, नातीच्या हातात एक दिला. मग त्या मागच्या भागात काही तरी करत बसल्या. मी विचारलं नाही, मशीनवर बसले. अकरा वाजले असतील. मुलगी केव्हापासून आवाज देत नाही, हे एकदम लक्षात आलं. लहान मूल घरात असलं की आवाजाचा त्रास होतो आणि आवाज थांबला की जीव जातो.

ती मागे सापडली. बियाण्याचं धान ठेवायची आमची ढोली आहे, बांबूची, शेणामातीनं सारवलेली, माझ्याहून उंच. तिच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत ती मांडी घालून बसली होती. गाल फुगलेले.

"काय खातेस गं?"

"लाडू."

मी परत फिरलेच असते. लाडू तर सकाळीच दिला होता. पण तिच्या तळहाताला पीठ लागलं होतं, राखेच्या रंगाचं, आणि तिच्या पायाशी पळसाचं एक पान होतं. पानावर तेच पीठ, थोडंसं. बाकी पान रिकामं.

मी तिच्या तोंडात बोट घातलं. निघालं ते मुरमुरे आणि गूळ. मग मी तिचं तोंड हुंगलं. सासूबाई ठेवायच्या त्या काळ्या औषधाला लसणासारखा वास येतो, हे मला ठाऊक होतं. तिच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. आणि सकाळी माझ्याच ताटातली लसणाची चटणी पोळीला लावून तिनं खाल्ली होती, हेही मला ठाऊक होतं.

मी ओरडले. सासूबाई वाडीत होत्या, धावत आल्या.

"आई, तुम्ही औषध ठेवलं का? इथे? कुठे ठेवलं?"

आणि त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

माझ्या हातात तेव्हा काही असतं तर मी ते त्यांना फेकून मारलं असतं, हे मी आज शांतपणे लिहिते आहे. पण त्यांचंही सांगते. बोट ओठावर गेलं ते सवयीनं. पन्नास वर्षांची सवय. दुसऱ्याच क्षणी त्यांची नजर त्या पानावर गेली आणि तोंडाचा रंग उडाला. तरी त्या बोलल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत निघाल्या. चुलीमागे वाकून पान उचलून दाखवलं, त्यावर गोळी होती. मग सरपणाच्या खाली. मग पाण्याच्या टाकीशी. मग कवेलूंच्या खालच्या आडव्या लाकडावर, तिथे त्या स्टुलावर चढल्या. मुलगी माझ्या कडेवर, आम्ही तिघी त्या घरात मुक्यानं फिरत होतो. सहा पानं, सहा गोळ्या. प्रत्येक गोळी मुरमुऱ्याच्या लाडवाच्या निम्मी, पण गोल, नीट वळलेली. ज्या मुलीनं सकाळी आजीला लाडू वळताना पाहिलं आणि तासाभरानं पुन्हा काही तरी वळताना पाहिलं, तिला कुणी सांगितलं होतं की हे दुसरं आहे? घरात तो शब्दच काढायचा नव्हता.

"किती ठेवल्या?" मी किंचाळले. "आई, किती?"

त्यांनी सात बोटं वर केली. मग त्या हातांकडे बघितलं आणि बोलल्या. "सात."

सातवी ढोलीमागची.

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पेल्यात मिठाचं पाणी कालवून आणलं. "पाज, उलटी काढू." मी तो पेला हातानं उडवला. पुढे डॉक्टरांनी विचारलं, पाणी पाजलं का, उलटी काढली का, आणि नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "अच्छा किया." त्या शाबासकीवर माझा काही हक्क नाही. मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. मी रागानं पेला उडवला होता.

पेला खाली पडल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी मला माझ्या निळ्या वड्या आठवल्या.

मुलगी दिवसभर माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांशी खेळते. मी शिलाईच्या खोलीत गेले, गुडघ्यांवर बसून बघितलं. खिडकीतली होती. कपाटाखालची होती. पेटीमागची एका बाजूनं कुरतडलेली. मशीनखालची नव्हती. तिथे फरशीवर निळी पूडही नव्हती. उंदरानं ओढून नेली असेल. किंवा कुणी तरी उचलली असेल. केव्हा? आज, काल, परवा? मी चार दिवसांत एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं.

"बाळा, तू काळा लाडू खाल्लास?"

"हो."

"निळा लाडू खाल्लास?"

"हो."

"लाल?"

"हो," ती म्हणाली, आणि मी रडते आहे हे बघून तीही रडू लागली.

मी निळ्या वड्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांना ते दिसलं नाही. नवऱ्याला फोन लावला, तीनदा वाजून बंद झाला. केंद्रावर गोंगाटात कुणाला ऐकू येतं? मी स्कूटी काढली. सासूबाई त्याआधी कधी स्कूटीवर बसल्या नव्हत्या, बसायला सांगितलं की हात जोडायच्या. त्या दिवशी त्या नातीला पोटाशी धरून मागे बसल्या आणि म्हणाल्या, "चाल."

गावाबाहेर पडलो आणि पुढे हार्वेस्टर. अख्खा रस्ता अडवून, एका शेतातून दुसऱ्या शेतात निघालेला, माणसाच्या चालीनं. दोन्ही बाजूंना उतार. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. वर बसलेला माणूस मागे बघायला तयार नव्हता, किंवा त्याला त्या धडधडाटात ऐकूच येत नव्हतं. पाठीमागून सासूबाई नातीला हाका मारत होत्या, "झोपू नको, माय, झोपू नको. इकडे पाह. थे पाह बगळा." मुलीचा आवाज येईना. मी मान वळवून विचारत होते, "डोळे उघडे आहेत का?" आणि त्या सांगत होत्या, "हाय, हाय." त्या खरं सांगत होत्या की मला घाबरवायचं नव्हतं, मला कळत नव्हतं. शेवटी मी स्कूटी उतारावरून खाली घातली, बांधाच्या कडेनं, कापलेल्या धानाच्या खुंटांवरून, आणि त्या धुडाच्या पुढे जाऊन पुन्हा वर काढली. आम्ही पडलो कसे नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर हिंदीत भराभर विचारत होते. क्या खाया, कब खाया, कितना. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या.

"उंदीर मारायचं औषध हाय, साहेब," त्या खणखणीत म्हणाल्या, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. "काली पावडर. भरड्यात गूळ घालून गोया केल्या. सात केल्या, एक सापडत नाही."

"पैकेट?"

"जाळलं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग मी पर्स उघडली आणि निळं पाकीट टेबलावर ठेवलं. "ये भी था घर में," मी म्हणाले. "इसका भी एक टुकडा नहीं मिल रहा."

"दोनों एक साथ? किसने रखा ये?"

"मैंने."

सासूबाईंनी आधी पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टर समजावत होते. काळं औषध पोटात गेलं असेल तर आज-उद्यात कळेल, आणि त्यावर उतारा नाही, सांभाळत राहायचं. निळं गेलं असेल तर आज काही दिसणार नाही, उद्याही नाही, मुलगी हसेल-खेळेल. ते रक्त पातळ करतं. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तरच कळेल, आणि तोवर हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं का, अंगावर काळेनिळे डाग उठतात का, ते बघत राहायचं. मुलीला आत घेऊन गेले. नळी घालताना ती ओरडली ते बाहेर ऐकू आलं.

बाकावर बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू तं मानत नव्हतीस ना वो?"

मी उठून आतल्या दाराशी जाऊन उभी राहिले.

नवरा चार वाजता आला, अंगावर धानाचा भुसा तसाच. त्याला फोनवर फक्त एवढंच कळलं होतं की मायनं ठेवलेलं औषध पोरीनं खाल्लं असेल. तो वॉर्डात शिरला, मुलीच्या हाताला लावलेली सलाईन बघितली आणि आईकडे वळला.

"माय, तुले काही समजते का? घरात लेकरू हाय. एक शब्द बोलली असतीस तं तुहं काय जात होतं? त्याईले समजते, त्याईले समजते! आता समजलं का तुले?"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत होती. सासूबाई मान खाली घालून उभ्या होत्या. मी वाट बघत होते की आता त्या म्हणतील, हिनंबी ठेवलं होतं, विचार हिले. त्या तसं म्हणाल्या नाहीत. आणि मी? मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. मी आयुष्यात एवढी वाक्यं बोलले आहे, नको तिथे, नको त्याला. ते एक माझ्याकडून निघालं नाही. मला भीती वाटली. तो माझ्यावर ओरडेल याची नाही, मुलीला काही झालं तर तो जन्मभर माझ्याकडे कसा बघेल याची. ती नजर सासूबाईंच्या वाट्याला गेली होती, आणि मी ती जाऊ दिली.

रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले की काळ्या औषधाचं काही लक्षण नाही, बहुधा गेलं नसावं, घरी न्या. नवऱ्यानं हात जोडले. त्याच्या लेखी ते तिथेच संपलं. "परसों ब्लड टेस्ट के लिए लाना," हे डॉक्टर मला म्हणाले. तो तेव्हा गाडी काढायला गेला होता.

घरी आल्यावर त्यानं सगळी पानं गोळा करून लांब बांधीत खड्डा करून पुरली. मी माझ्या उरलेल्या वड्या पिशवीत बांधून, तो नसताना, त्याच खड्ड्याशेजारी पुरल्या. मशीनखालची सापडली नाही. पेटी हलवली, कपाट हलवलं, भिंतीच्या कडेनं हात फिरवला. नाही सापडली.

ते दोन दिवस मी आयुष्यात पुन्हा मागणार नाही. मुलगी खेळत होती, पळत होती, आणि मला तिच्या पळण्याची भीती वाटत होती. उंबऱ्याला अडखळून पडली, गुडघ्यावर निळा डाग आला. मुलं पडली की डाग येतोच. हा तसाच डाग होता का? मी तासातासानं बघायचे, वाढला का. सकाळी दात घासताना सासूबाई तिला मांडीत घेऊन बोटानं ओठ वर करून हिरड्या बघायच्या. मग माझ्याकडे बघून मान हलवायच्या, नाही, रक्त नाही. आमच्यात एवढाच व्यवहार उरला होता. नवरा तिकडे ओसरीवर बसून बहिणीला फोनवर सांगत होता, "मायनं तं मारूनच टाकलं असतं पोरीले." सासूबाई आत भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. मला वाटलं, उठावं आणि सांगावं. मी उठले आणि मशीनवर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं रक्त तपासायला गेलो. सुई टोचली, मुलगी रडली, मग कापसाचा बोळा दाबून नवऱ्याच्या मांडीवर बसली. रिपोर्टला तासभर होता.

"हे कायले पुन्हा?" नवऱ्यानं विचारलं. "डॉक्टर तं म्हणाला का गेलं नाही."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "असंच असते. डॉक्टर पुन्हा पाहून घेतेत."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मला तेव्हा त्यांचा राग आला, खरंच आला. मला वाचवायला मी सांगितलं नव्हतं. मग लक्षात आलं की तीन दिवस मी तेच तर मागत होते.

काचेच्या खिडकीतून हाक आली. मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले, मला ते आकडे वाचता येत नव्हते, अक्षरं हलत होती. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं. "नॉर्मल है. एकदम नॉर्मल. ले जाओ बच्ची को." मी बाहेर आले आणि नवऱ्याला नुसती मान हलवून दाखवली. त्यानं मुलीला छातीशी धरलं. मग सुटका झालेल्या माणसाला जसा जोर येतो तसा त्याला आला आणि तो आईकडे वळला.

"ऐक, माय. आजपासून घरात तुहं काही चालणार नाही. एका गोष्टीले हात लावशील तं पाह. नशीब समज पोरगी वाचली, नाही तं..."

"मीपण ठेवलं होतं," मी म्हणाले.

तो माझ्याकडे वळला.

"निळ्या वड्या. शिलाईच्या खोलीत, चार दिवस आधीपासून. एक सापडत नव्हती, अजून सापडली नाही. आजची तपासणी माझ्याच औषधाची होती. तुमच्या आईच्या औषधाची नव्हती. आईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

एवढं सगळं मी एका दमात बोलले आणि तयार राहिले. त्यानं ओरडावं, वॉर्डात आईवर ओरडला तसं, माणसांसमोर, असं मला मनापासून वाटत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "झालं ते झालं. पोरगी बरी हाय ना." आणि पायांत चपला सरकवत, "मी गाडी काढतो."

"मले तीन दिवस बोललास," सासूबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "हिले एक शब्द नाही?"

"माय, आता इथं नको ना," तो म्हणाला, आणि मुलीला खांद्यावर घेऊन जिना उतरून गेला.

त्या बाकावर बसून राहिल्या. नात आत ओरडत होती तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, लेक सगळ्यांसमोर बोलला तेव्हाही नाही. आता, रिपोर्ट माझ्या हातात असताना, त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलू लागले. मी शेजारी बसले. "आई," म्हणाले. खालून हॉर्न वाजला, दोनदा. त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला. आठ वर्षांत त्यांनी माझ्यासमोर त्याला ‘माहा पोरगा’ सोडून दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"चाल," त्या म्हणाल्या. "तुह्या नवऱ्यानं गाडी काढली."